दहावीच्या इंग्रजीचा अभ्यासक्रम आधी हिशेबाच्या वहीसारखा वाचा

"मॅडम, पोट्टी दिवसभर धडेच वाचून राह्यली, तरी इंग्रजीत मार्क काहून कटून राह्यले?"

सहामाहीचे पेपर हातात पडले की दिवाळीच्या आगेमागे हा प्रश्न नागपुरातल्या प्रतापनगरच्या माझ्या शिकवणीच्या खोलीत येतोच. विचारणारे आईवडील बहुतेक स्टेट बोर्डातून, तेही मराठी माध्यमातून दहावी झालेले असतात. घरात मराठी, शेजारी हिंदी आणि मूल सीबीएसईच्या शाळेत. मी उलट विचारते, "अभ्यासक्रमाचा कागद पाहिला का?" त्यावर पुस्तक उघडून अनुक्रमणिका दाखवली जाते.

अनुक्रमणिका म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. खऱ्या कागदावर गुणांचा तक्ता असतो आणि त्यातली एक गोष्ट कळली की अर्धं काम झालं: लेखी पेपरच्या ८० गुणांपैकी ४० गुणांना पाठ्यपुस्तकच नाही. आपण मुलांना वर्षभर उरलेल्या ४०मागे पळवतो, आणि त्या ४०मधलेही बरेच गुण पाठांतराने मिळत नाहीत. हा लेख तो कागद कसा वाचायचा यावर आहे. आकडे २०२५-२६च्या अभ्यासक्रमाचे आहेत. तुमचं मूल त्यानंतरच्या वर्षी दहावीला असेल तर त्या वर्षाचा कागद काढून ताडून पाहा.

आधी योग्य कागद हाती घ्या

सीबीएसईच्या शैक्षणिक विभागाचं वेगळं संकेतस्थळ आहे. तिथे माध्यमिकच्या अभ्यासक्रमात भाषांच्या यादीत 'इंग्लिश लँग्वेज अँड लिटरेचर' शोधा. विषयाचा कोड १८४. जवळच 'इंग्लिश कम्युनिकेटिव्ह' नावाचा दुसरा विषय दिसेल, त्याचा कोड १०१. पुस्तकं वेगळी, पेपर वेगळा. नाव सारखं म्हणून चुकीचा कागद छापून आणणारे पालक मी पाहिले आहेत. शाळेने दिलेल्या पुस्तकांवर 'फर्स्ट फ्लाइट' आणि 'फुटप्रिंट्स विदाउट फीट' ही नावं असली तर तुमचा कोड १८४. सोबत 'वर्ड्स अँड एक्स्प्रेशन्स' नावाची सरावपुस्तिकाही येते.

कागदाच्या डोक्यावरचं वर्ष बघायला विसरू नका. मागे एका मुलीने मावसभावाचं जुनं पुस्तक वापरलं. पुस्तक चांगल्या स्थितीत होतं, पैसे वाचले, सगळे खूश. तिने 'द हंड्रेड ड्रेसेस'चे दोन्ही भाग मन लावून केले, उत्तरं लिहून काढली. ते धडे अभ्यासक्रमातून कधीच गेले होते! मी तिची वही दोन महिने उशिरा पाहिली, त्यामुळे चूक माझीही. आता पहिल्याच दिवशी पुस्तकातली यादी आणि कागदावरची यादी शेजारी ठेवून टिका मारायला लावते. सध्या 'फर्स्ट फ्लाइट'मध्ये ९ गद्य पाठ आणि १० कविता, 'फुटप्रिंट्स'मध्ये ९ पाठ.

अभ्यासक्रमासोबत आणखी दोन कागद छापून घ्या: बोर्डाची नमुना प्रश्नपत्रिका आणि तिची गुणदान योजना. हे तिन्ही फुकट मिळतात. सीताबर्डीवर जाऊन चार जाड गाइडं आणण्याआधी हे तीन कागद फाइलला लावा. गाइड नंतर हवंच वाटलं तर एक घ्या.

गुणांचा तक्ता वाचा आणि त्याचं घड्याळ करा

लेखी ८०, अंतर्गत २०. लेखी पेपरचे तीन विभाग:

- वाचन: २० गुण. दोन अपरिचित उतारे, प्रत्येकी १०.
- व्याकरण आणि लेखन: २० गुण. व्याकरण १०, पत्र ५, विश्लेषणात्मक परिच्छेद ५.
- साहित्य: ४० गुण.

आता हा तक्ता मिनिटांत बदला. तीन तास म्हणजे १८० मिनिटं, भागिले ८०, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. पाच गुणांच्या पत्राला अकरा मिनिटं, तीन गुणांच्या उत्तराला पावणेसात. पण असा तंतोतंत हिशेब केला तर तपासायला एक मिनिटही उरत नाही. म्हणून मी मुलांना अशी वाटणी देते: वाचनाला ४०, व्याकरणाला १०, दोन्ही लेखनांना मिळून ३०, साहित्याला ८५ आणि शेवटी १५ मिनिटं वाचून पाहायला.

शब्दांचाही हिशेब करा, तो कोणी करत नाही. साहित्यात सहा लहान उत्तरं, प्रत्येकी ४० ते ५० शब्द. दोन मोठी उत्तरं, एक पत्र, एक परिच्छेद, हे चारही १०० ते १२० शब्दांचे. बेरीज येते ६४० ते ७८० शब्द. उताऱ्यांखालची बारीकसारीक उत्तरं धरली तरी तीन तासांत मुलाने लिहायचा मजकूर फार नाही. म्हणजे पुरवण्या जोडणाऱ्याला इथे बक्षीस नाही. आपल्या वेळी 'किती पुरवण्या लावल्या' हा प्रतिष्ठेचा प्रश्न असायचा. तो अभिमान घरातल्या घरात आवरा, कारण मुलं आपल्याकडूनच तो उचलतात आणि पन्नास शब्दांच्या उत्तराला दीड पान भरतात.

वाचन: अभ्यास न करता येणारे २० गुण, असं कोण म्हणतं?

पहिला उतारा ४०० ते ४५० शब्दांचा, एखाद्या विषयावर विचार मांडणारा. दुसरा २०० ते २५० शब्दांचा, माहितीपर, आणि त्यासोबत आकृती, आलेख किंवा तक्ता. प्रश्न पर्यायी असतात, तशीच छोटी उत्तरंही असतात, आणि शब्दाचा अर्थ संदर्भावरून ओळखायचा असतो.

याचा सराव घरी येणाऱ्या पेपरवर होतो. नागपुरात 'द हितवाद' १९११पासून निघतो. त्याचा अग्रलेख किंवा आतल्या पानावरचा एखादा लेख साधारण पहिल्या उताऱ्याच्या जातीचा असतो. आठवड्यात दोन पुरेत. मुलाने लेख वाचायचा आणि प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला मराठीत चारच शब्द लिहायचे: या परिच्छेदाने काय केलं? मुद्दा मांडला, उदाहरण दिलं, विरोध नोंदवला की निष्कर्ष काढला? मराठीतच लिहू द्या. समजलं की नाही हे तपासायचं आहे, भाषांतर नाही.

दुसऱ्या उताऱ्यात मुलं हमखास घसरतात ती मजकूर आणि आलेख यांच्या सांध्यावर. मजकूर एक सांगतो, आलेखात दुसरा तपशील असतो आणि प्रश्नाला दोन्ही लागतात. आलेख आधी पाहायचा, आडवी आणि उभी रेघ काय मोजते ते पाहायचं, मग मजकूर वाचायचा. एवढ्याने फरक पडतो.

व्याकरण: पाचच गोष्टी, पण आपल्या मराठीच्या खोड्या ओळखून

अभ्यासक्रमात व्याकरणाचे घटक मोजके आहेत: काळ, मोडल क्रियापदं ('शुड', 'मस्ट' यांसारखी), कर्ता-क्रियापद मेळ, अप्रत्यक्ष कथन आणि डिटरमायनर (नामाआधी येणारे 'अ', 'फ्यू' यांसारखे शब्द). बारा प्रश्नांपैकी दहा सोडवायचे, दहा गुण. प्रयोग बदला, वाक्यपृथक्करण करा असलं काही या यादीत नाही. तरी व्याकरणाचे जाडजूड ग्रंथ घेऊन बसलेली मुलं दिसतात. हे पाच घटक पक्के करायचे तर ते मराठी डोक्यात का अडकतात हे पाहावं लागतं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण गाइडं सगळ्या भारतासाठी छापलेली असतात, त्यांना आपल्या चुका ठाऊक नसतात.

अप्रत्यक्ष कथन घ्या. मराठीत आपण म्हणतो, "आई म्हणाली की मी उद्या येते." 'की' आला तरी 'मी' तोच, 'उद्या' तोच, 'येते' तेच. इंग्रजीत तिन्ही हलतात: 'मदर सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे'. मूल चुकतं ते नियम न कळल्यामुळे नाही, मराठीचं वळण हातात असल्यामुळे. म्हणून सरावाला प्रत्येक वाक्याखाली तीन रकाने आखायचे: कोण, काळ, वेळेचा शब्द. तिन्ही भरल्याशिवाय वाक्य लिहायचं नाही. आज्ञा-विनंती, विधान आणि प्रश्न असे तीन प्रकार अभ्यासक्रमात आहेत. प्रश्नाच्या प्रकारात शब्दांचा क्रम परत विधानासारखा होतो, तो वेगळा घोटवा.

कर्ता-क्रियापद मेळ. "रामाने पोळी खाल्ली, रामाने आंबा खाल्ला": मराठीत भूतकाळात क्रियापद कर्माकडे बघतं. इंग्रजीत ते नेहमी कर्त्याकडेच बघतं. दुसरी खोच अशी, की आपण "संत्र्यांची टोपली महाग आहे" म्हणतो तेव्हा 'टोपली' क्रियापदाच्या जवळ असते. इंग्रजीत 'द बास्केट ऑफ ऑरेंजेस' म्हटल्यावर क्रियापदाला चिकटून येतात संत्री, आणि मूल बेधडक 'आर' लिहितं. खरा कर्ता 'बास्केट', म्हणून 'इज'. 'ऑफ'च्या आधीचा शब्द गोल करायची सवय लावली की ही चूक बरीच आटोक्यात येते.

डिटरमायनरमध्ये सगळ्यात गोंधळ 'फ्यू' आणि 'अ फ्यू'चा. मराठीचं एक अक्षर इथे मदतीला येतं. "माझ्याकडे थोडे पैसे आहेत" आणि "माझ्याकडे थोडेच पैसे आहेत." त्या 'च'ने अर्थ उलटा फिरला. 'अ फ्यू', 'अ लिटल' म्हणजे थोडे, 'फ्यू', 'लिटल' म्हणजे थोडेच. मी पंधरा मिनिटं इंग्रजीत समजावून जे होत नव्हतं ते या 'च'ने एका ओळीत झालं. मोडलचंही असंच: 'जायला हवं' म्हणजे 'शुड', 'जावं लागेल' म्हणजे 'हॅव टू', 'जायलाच हवं' म्हणजे 'मस्ट'.

काळाबद्दल एकच. "मी पाच वर्षांपासून नागपुरात राहतो" याचं घराघरांतलं इंग्रजी 'आय अॅम लिव्हिंग इन नागपूर सिन्स फाइव्ह इयर्स'. बरोबर वाक्य: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन नागपूर फॉर फाइव्ह इयर्स'. किती काळ ते सांगायचं तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं तर 'सिन्स'. आपल्या 'पासून'मध्ये दोन्ही मावतात, म्हणून घोळ.

पत्र आणि परिच्छेद

पत्र औपचारिकच असतं, दिलेल्या प्रसंगावर, दोनपैकी एक. पत्ता, तारीख, विषय, अभिवादन, शेवट हा साचा एकदा बसला की बसला. खरी अडचण मधल्या मजकुराची. 'संपादकांना पत्र' म्हटलं की सगळी मुलं 'थ्रू द कॉलम्स ऑफ युवर एस्टीम्ड न्यूजपेपर' लिहून मोकळी होतात आणि पुढे काहीच नसतं. सराव गावातल्याच विषयावर करून घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. बऱ्याच मुलांनी ते स्वतः पाहिलं किंवा घरी ऐकलं आहे. त्यावर पत्र लिहायला सांगितलं की कारण, परिणाम आणि उपाय आपोआप येतात आणि १२० शब्द कमी पडतात. मग कापायला शिकवायचं.

विश्लेषणात्मक परिच्छेद हा निबंध नाही. तक्ता, आलेख, नकाशा किंवा मुद्दे दिलेले असतात आणि त्यातून काय दिसतं तेवढंच लिहायचं. 'आपण सर्वांनी पर्यावरण वाचवलं पाहिजे' असा शेवट करायचा मोह आवरायचा. प्रत्येक आकडाही ओकायचा नाही: सर्वांत जास्त कुठे, सर्वांत कमी कुठे, बदल कुठे झाला, कोणत्या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट जातात. घरच्या सरावाला पेपरातले कळमना बाजाराचे आठवड्याचे भाव घ्या, कांदा-टोमॅटोचे. स्वयंपाकघरात आई तेच विश्लेषण रोज करते: "मागच्या आठवड्यात वीसने होता, आता चाळीसने देऊन राह्यले." हेच वाक्य नीट इंग्रजीत लिहिलं की परिच्छेदाची पहिली ओळ झाली.

साहित्याचे ४०: धडा येतो म्हणजे काय येतो?

वाटणी अशी. गद्य किंवा नाटकातला एक आणि कवितेतला एक उतारा, प्रत्येकी ५. 'फर्स्ट फ्लाइट'वरचे लहान प्रश्न पाचपैकी चार, 'फुटप्रिंट्स'वरचे तीनपैकी दोन, सगळे ३ गुणांचे, म्हणजे १२ आणि ६. मग दोन्ही पुस्तकांवर एकेक मोठा प्रश्न, ६ गुणांचा.

मोठ्या प्रश्नांबद्दल अभ्यासक्रमात जी ओळ आहे ती अधोरेखित करा. 'फर्स्ट फ्लाइट'च्या मोठ्या प्रश्नात कल्पकता अपेक्षित आहे आणि धड्याच्या बाहेर जाऊन, एका धड्यातून दुसऱ्यात जाऊन विचार करणं अपेक्षित आहे. म्हणजे 'धड्याचा सारांश लिहा' असा प्रश्न येणार नाही. दोन पात्रांची तुलना येईल, एखाद्या पात्राने दुसऱ्याला लिहिलेलं पत्र किंवा डायरी येईल. गाइडातलं पाठ केलेलं उत्तर इथे बसत नाही आणि नेमकं तिथेच 'इतकं वाचूनही' गुण कापले जातात.

यासाठी माझ्याकडे प्रत्येक धड्याला वहीचं एकच पान असतं. पानावर पाच गोष्टी: पात्राला काय हवं आहे, आड काय येतं, शेवटी त्याच्यात काय बदललं, की बदललंच नाही, धड्यातले पाच-सहा शब्दांचे एक-दोन तुकडे जसेच्या तसे, आणि हे मला कशाची आठवण करून देतं.

'अ लेटर टू गॉड' घ्या. लेंचोचं पीक गारपिटीने जातं, तो देवाला शंभर पेसो मागणारं पत्र लिहितो, टपाल कचेरीतले लोक आपापसांत जमवून सत्तर पाठवतात आणि लेंचो त्या कर्मचाऱ्यांनाच चोर ठरवतो. शहरातली मुलं यावर 'लेंचो हॅड फेथ इन गॉड' एवढं लिहून थांबतात. काटोलकडून येणारा एक मुलगा होता, घरी संत्र्याची बाग. त्याने शेवटच्या ओळीपुढे लिहिलं: गार पडल्यावर माणूस देवावर रागावत नाही, मदत कमी आली म्हणून माणसावर रागावतो. त्याचं इंग्रजी मोडकंच होतं. पण हा विचार कुठल्याच गाइडात नव्हता. मग आम्ही 'भोली'चं पान शेजारी ठेवलं: एकाचा विश्वास माणसांवर बसतच नाही, दुसरीला एक शिक्षिका भेटते आणि तिचा स्वतःवर विश्वास बसतो. दोन पानांतून एक तुलनेचं उत्तर तयार. ९ आणि ९ गद्य पाठांची अशी अठरा पानं झाली की जोड्या लावायचा खेळच करता येतो.

कवितांची दहा पानं थोडी वेगळी: कोण बोलतंय, काय दिसतंय, शेवटी भाव कुठे वळतो आणि एक-दोन अलंकार. अलंकारांची नावं पाठ असून भागत नाही, त्याने ओळीत काय साधलं ते अर्ध्या वाक्यात सांगता यायला हवं.

पानं झाली की गुणदान योजना काढा. नमुना उत्तरापेक्षा कशाला किती गुण दिले ते बघा: आशयाला किती, मांडणीला किती, अचूकतेला किती. मुलाने स्वतःचं उत्तर लाल पेनाने स्वतःच तपासायचं. दोन-तीनदा केलं की ते मुद्दा हलवून बघायला लागतं. प्रश्नातलं क्रियापदही गोल करायला लावा: 'जस्टिफाय'ला कारण हवं, 'कम्पेअर'ला दोन बाजू हव्यात, 'कॉमेंट'ला मत आणि त्याला धड्यातला आधार हवा.

अंतर्गत २०

नियतकालिक चाचण्या ५, विविध प्रकारचं मूल्यमापन ५, पोर्टफोलिओ (वर्षभराच्या कामाची फाइल) ५ आणि ऐकणं-बोलणं ५. 'ते शाळा देतेच' म्हणून पालक सोडून देतात. बोलण्याच्या चाचणीला मात्र लाजाळू मुलं खरोखर अडतात. रोज जेवताना पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं, आईवडिलांचं इंग्रजी कच्चं असलं तरी चालेल. उलट मुलं तुमच्या चुका दुरुस्त करताना जास्त बोलतात, हा अनुभव आहे.

परीक्षेच्या दिवशी, आणि मे महिन्यात

पेपर साडेदहाला सुरू होतो, त्याआधी पंधरा मिनिटं नुसती वाचायला मिळतात. या पंधरा मिनिटांत उतारे वाचत बसू नये. सगळे पर्याय आधी ठरवावेत: कोणतं पत्र, कोणता परिच्छेद, साहित्याचा कोणता उतारा, पाचातले कोणते चार. नंतर मन बदलून अर्धं लिहिलेलं खोडण्यात जितका वेळ जातो तितका दुसऱ्या कशात जात नाही.

२०२६पासून दहावीची परीक्षा दोनदा होते. फेब्रुवारीतली सगळ्यांना बंधनकारक आणि मे महिन्यातली गुण सुधारण्यासाठी, जास्तीत जास्त तीन विषयांत. भाषाही त्यात येतात. अंतर्गत गुण मात्र एकदा दिले तेच राहतात, मे महिन्यात पुन्हा मिळत नाहीत. म्हणून 'इंग्रजी मेमध्ये बघू' हा बेत आखणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की पंचेचाळीस अंशांत, कूलरसमोर बसून, हे पानाचं काम पहिल्यापासून करायला कोण तयार आहे?